एक नंबरचे टिपणीस सर

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. टिपणीस सर चांगले ठणठणीत आहेत, रोज सकाळी कुंडलिकेच्या काठाने फिरायला जातात असं ऐकते, तेव्हा माझी ती अडचण नाही. मला जे बोलायचंय ते मी मोकळेपणी बोलणार आहे.

पेणला हायवेला लागून आमची प्रशिक्षण संस्था होती. पूर्वी तिथे शिवणकाम आणि वेल्डिंग शिकवायचे. मी शिवणकामाकडे होते. सुया, कात्र्या आणि मशीनचं तेल सांभाळायचे. मग पनवेलकडे विमानतळ होणार, होणार म्हणता म्हणता खरंच विमानं उडायला लागली आणि आमच्या संस्थेलाही पंख फुटले. विमानाचा पत्रा जोडायचा सहा महिन्यांचा कोर्स निघाला. दहावी पास मुलामुलींनी ॲल्युमिनियमचा पत्रा कापायचा, भोकं पाडायची आणि एकावर एक पत्रे ठेवून रिव्हेटने जोडायचे. रिव्हेट म्हणजे डोकं असलेली बारकी खीळ. भोकातून घालायची आणि मागून शेपटी चेपायची, की झाला जोड. शिवणकाम बंद पडलं, पण मी राहिले. सुयांच्या जागी माझ्या खोलीत ड्रिल आणि कानशी आल्या. कापडाऐवजी पत्रा शिवायचा, एवढाच फरक, असं मी घरी सांगितलं होतं.

आणि शिकवायला आले टिपणीस सर.

साठीला टेकलेले, गोरे, घारे, नाकावर चष्मा आणि चष्म्यावरून बघायची सवय. राहणार रोह्याचे, जुन्या घराण्यातले. "आजोबांच्या वेळी पार अष्टमी गावापर्यंत जमीन आमची होती," हे वाक्य ते आठवड्यातून दोनदा तरी बोलत. ती विकली कोणी, हे रोह्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते आजोबा नव्हते. अंगात निळी डांगरी, तिला पँटीसारखी इस्त्रीची घडी. छातीवर पितळेचे दोन पंख. हे पंख कोणी दिले, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मिळतात ते." मिळतातच. शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देतात त्या दुकानात टोपीसकट मिळतात. हातात काळे मोजे घालायचे. मी दोन वर्षं त्या माणसाबरोबर काढली, मोजे शेवटपर्यंत नवेच्या नवे होते.

त्यांच्या तोंडी सतत एकच पालुपद: आमच्या एव्हिएशनमध्ये. "आमच्या एव्हिएशनमध्ये अंदाजे हा शब्द नाही." "आमच्या एव्हिएशनमध्ये सॉरी चालत नाही." कुणी वर्गात जांभई दिली तरी, "आमच्या एव्हिएशनमध्ये जांभई म्हणजे अपघात." पोरं बिचारी तोंडावर हात दाबून धरायची. पत्र्यावर शिसपेन्सिलीने रेघ मारायची नाही, त्याने पत्रा खराब होतो, हा नियम त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. तो लिहून झाल्यावर खडू ठेवला, कानावरची शिसपेन्सिल काढली आणि पत्र्यावर रेघ मारली. मी खिडकीतून बघत होते. हसू आवरेना म्हणून कपाटाचं दार उघडून त्यात डोकं घातलं.

रोह्याहून सकाळच्या गाडीला आम्ही दोघं असायचो. कासू स्टेशनला हर्षदा चढायची. ती आमच्या बॅचची. ही गाडी म्हणजे सरांचं खरं स्टेज. वरून विमान गेलं की ते एक बोट वर करून डबा गप्प करायचे.

"ऐकलंत? हे आपलं."

"आपलं म्हणजे, सर?" हर्षदा विचारायची.

"म्हणजे यात माझं काम आहे."

"आतमधी का बाह्येर?"

"सगळीकडे गं. स्ट्रक्चरल."

पोरगी खिडकीतून मान वाकडी करून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत बसायची. तिला वाटायचं, आपण केवढ्या माणसाशेजारी बसलोय.

हे स्ट्रक्चरल काय होतं ते आम्हाला त्यांच्या मेहुण्याकडून कळलं. मेहुणे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन संस्थेत आले होते. मोकळा माणूस. माझ्या खोलीत बसून पाणी प्यायले आणि कौतुकाने म्हणाले, "भावोजींच्या ट्रॉल्या म्हणजे मजबूत काम हो. विमानात जेवण वाटतात ना, त्या ढकलायच्या गाड्या. वीस वर्षं त्याच केल्या." सर दारातच उभे होते. त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "स्ट्रक्चर ते स्ट्रक्चरच."

ट्रॉली करणं वाईट नाही. चांगली ट्रॉली करणाऱ्याला मी हात जोडीन. पण ज्या कामावर वीस वर्षं जेवलास त्याची तुला लाज वाटते आणि ज्या कामाला कधी हात लावला नाहीस त्याचे पंख छातीवर लावतोस, याला काय म्हणावं? मी तरी मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं.

दसऱ्याला त्यांनी हत्यारांची पूजा काढली. पूजेला माझी ना नाही. माझ्या कात्र्यांनाही मी दरवर्षी हळदकुंकू लावायचे. पण सरांना विमान पुजायचं होतं. विमान कुठून आणणार? मुलांनी महिनाभर खपून जोडलेले सरावाचे पत्रे भिंतीला टेकवून त्यांनी एक पंख रचला, त्याला झेंडूची तोरणं बांधली, कुंकवाचे बोटबोट टिळे लावले आणि शेवटी नारळ फोडून पाणी वरून शिंपडलं. पुढे चार दिवस सुट्टी. परत आलो तर पत्र्यांवर पांढुरके-काळपट डाग, बुरशी धरल्यासारखे. पत्रे पुसून का ठेवले नाहीत, असं विचारायला संस्थेचे प्रमुख आले. सर म्हणाले, "मुलींच्या हाताला घाम फार येतो, सर. मी त्यांना मोजे घालायला सांगतोय." मुलींनी दोन दिवस बसून ते पत्रे घासले. एकीनेही तोंड उघडलं नाही, आणि मला तेव्हा त्यांचाही राग आला.

आता त्या टकटकीचं सांगते, ज्यासाठी एवढं लिहायला बसले.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक पुढून ठोकायची गन धरतो, दुसरा पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो. गनचा आवाज असा की दोघांच्या कानात बोळे. मध्ये पत्रा, म्हणून तोंड दिसत नाही. शेपटी बरोबर चेपली की नाही हे फक्त मागच्याला दिसतं. मग तो ठोकळ्याने रिव्हेटवर टक टक करून पुढच्याला सांगतो. एवढीच त्यांची भाषा.

सरांनी ती भाषा पहिल्याच आठवड्यात शिकवली. मी हत्यारं द्यायच्या खिडकीत उभी होते. "एकदा टक म्हणजे एक नंबर!" सरांनी हवेत बोट नाचवलं. "झकास झालाय, पुढचा घ्या. दोनदा टक म्हणजे दोन नंबरचा माल. कच्चा आहे, आणखी मारा. आणि तीनदा टक म्हणजे तीनतेरा वाजले. काढून टाका." वर्ग खदखदून हसला आणि जन्मात विसरणार नाही असं शिकला. शिकवण्याची पद्धत म्हणून बघाल तर नाव ठेवायला जागा नाही. फक्त ते उलटं होतं.

हत्यारांच्या पेटीबरोबर एक चित्रांचा तक्ता आला होता, तो माझ्या कपाटात होता. इंग्रजी मला बेताचंच येतं, पण चित्रं दिसतात. एक टक, पुन्हा मारा. दोन टक, ठीक आहे. तीन टक, काढा. तीन तेवढं सरांचं जमलं होतं. मी तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले.

"बाई, हा तक्ता परदेशातला," सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "तिकडे गाड्यासुद्धा उजव्या बाजूने चालतात."

मी तक्ता परत कपाटात ठेवला. आपण पडलो शिवणकामाच्या बाई, यांच्या विमानात आपण कशाला बोट घालायचं, असं मनाशी म्हटलं. ती माझी भित्री अक्कल होती. सरांना नावं ठेवताना हे लपवलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

हर्षदाचं सांगायचं तर बॅचमध्ये तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. बाप कासूला भात करायचा, भात निघालं की वाल टाकायचा. ती आधी धाटावला एका कंपनीत पॅकिंगला होती. दोन महिन्यांत कायम करणार होते, ती नोकरी सोडून इथे आली. बाप महिनाभर बोलत नव्हता. "बाबा म्हनला, हातचा सोडून पलत्याच्या मागं लागलीस," ती मला गाडीत सांगायची. "पन बाई, तिकडं खोकी चिकटवून चिकटवून माझी बोटं मेली व्हती. इथं बोटाला समजतं." खरंच समजायचं. चेपलेल्या शेपटीवरून डोळे मिटून बोट फिरवायची आणि सांगायची, "ह्यो उंच हाय." मापक लावून बघावं तर तो केसभर उंच निघायचा. विमानाचे भाग करणारी एक कंपनी आमच्या परीक्षेतून मुलं घेणार होती. पहिल्या फटक्यात पास झालेलीच, आणि यादी परीक्षेच्याच आठवड्यात जायची होती. त्या यादीत नाव लागणं, याच्यावर तिने सगळं लावलं होतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. आमची मुलं तेरा. सहा जोड्या झाल्या आणि एक उरलं. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात हर्षदा एकटी उरली. परीक्षकांनी दुसऱ्या संस्थेतला एक गन धरणारा सोबत आणला होता, तो तिच्या वाट्याला आला.

माझ्या खिडकीतून तिची पाठ दिसत होती. पहिला रिव्हेट बसला. तिने एकदा टक केलं, म्हणजे एक नंबर, पुढे चल. त्या गड्याने ऐकलं, आणखी मार. त्याने मारलं. तिने पुन्हा एकदा टक केलं. त्याने पुन्हा मारलं. रिव्हेट पार चपटा झाला. पुढचा जरा कच्चा राहिला, तिने दोनदा टक केलं. तो समजला, ठीक आहे, आणि पुढे सरकला. अख्खी ओळ अशीच. जे बरोबर होते ते चेचले गेले, जे कच्चे होते ते तसेच राहिले. मला ते कळत होतं. मी खिडकीची कडी काढली. परत लावली.

परीक्षकांनी मापक लावलं आणि मान हलवली. "मुली, तुला सिग्नल कोणी शिकवले नाहीत का?"

हर्षदाने सरांकडे पाहिलं. एकदाच पाहिलं, आणि मग खाली. सरांचं नाव तिने घेतलं नाही. आता ते स्वतः बोलतील, अशी तिची खात्री होती. मी तिच्या जागी असते तर मलाही वाटलं असतं, कारण चूक केवढीशी होती आणि वाक्य तर एकच होतं. साहेब, मी यांना उलटं शिकवलंय, पुन्हा एकदा घ्या. परीक्षकांनी घेतलीही असती परीक्षा, भला माणूस होता.

सर म्हणाले, "शिकवलेत ना, साहेब. बाकीचे बारा बघा."

बाकीचे बारा पास होते. ते आपसात होते. एकाचं उलटं दुसऱ्याला सुलट होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत कासूला ती चढली ती थेट सरांपुढे येऊन उभी राहिली. यादी जायला अजून दोन दिवस होते.

"सर, तुमी नुस्तं येकदा सांगा, का आमाला तसंच शिकवलंवतं. मी परत करून दावते. येका तासाचं काम हाय."

"हर्षदा, बारा मुलं पास झालीत," सर म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं असतं, तर बारा पास झाली असती का?"

तिने विचार केला. खरोखरच केला, दिसत होतं मला. मग म्हणाली, "व्हय, पन ती आपसातच व्हती ना, सर."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसती शेतं होती. तिकडेच बघत म्हणाले, "आमच्या एव्हिएशनमध्ये एक्स्क्यूज चालत नाही." ती पेण येईपर्यंत उभीच राहिली. शेजारी जागा होती.

त्या दिवशी मात्र मी तक्ता काढला आणि प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो नीट बघितला. समजलं त्यांना, मूर्ख नव्हते. म्हणाले, "बाई, एकीसाठी बारांचा निकाल उघडायचा का? तेही उलटंच करतात म्हटल्यावर कंपनी एकालाही घेणार नाही." त्यांनी सरांकडून लेखी खुलासा तेवढा मागितला. सरांनी सुरेख अक्षरात दोन ओळी लिहून दिल्या: सदर प्रशिक्षणार्थीने दिलेल्या सूचना लक्षपूर्वक ऐकल्या नाहीत. खाली सही, आणि सहीखाली रेघ. यादी गेली. बारांतले चौघे लागले, लागोत बिचारे, त्यांचा काय दोष?

हर्षदा परत धाटावला पॅकिंगला गेली, पण आता ठेकेदाराकडे. कायमचं नाव दुसऱ्याच मुलीचं लागलं होतं. गाडीत कासू आलं की मी दाराकडे बघायचे, आणि मग माझाच मला राग यायचा. सर पेपर वाचायचे.

मी पुढच्या मे महिन्यात ती नोकरी सोडली. सोडायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. हर्षदा तिचे दाखले घ्यायला आली. ठेकेदाराला मूळ कागद दाखवायचे होते, म्हणून शिफ्ट बदलून आली होती. दाखले माझ्याच कपाटात होते. मी शोधत होते आणि ती वर्गाच्या उघड्या दाराशी उभी होती. आत नवी बॅच बसली होती. सर हवेत बोट नाचवत होते.

"एक टक, हाण! दोन टक, बास बास! तीन टक, काढ काढ काढ!"

वर्ग खदखदून हसला. माझ्या हातात दाखले तसेच राहिले. या माणसाला सगळं कळलं होतं. कुठल्यातरी रात्री बसून त्याने नवीन गंमतसुद्धा रचली होती, आणि ती आधीच्या इतकीच चांगली होती.

"हसू नका," सर म्हणाले. "मागच्या बॅचला एक मुलगी होती. हुशार, पण लक्ष ठिकाणावर नाही. मी सांगितलं एक, तिने ऐकलं भलतंच. एवढ्या एका टकटकीपायी चांगली नोकरी घालवून बसली."

मी दाराकडे निघाले, तिला तिथून बाजूला घ्यावं म्हणून. ती हलली नाही. सरांची नजर दाराकडे गेली आणि बोट हवेतच राहिलं. मुलांनी वळून पाहिलं. कंपनीचा मळका एप्रन घातलेली एक मुलगी दारात उभी होती, त्यांना काय कळणार?

तिने आवाज चढवला नाही. गाडीत विमानाबद्दल विचारायची, तशाच आवाजात म्हणाली, "सर, आता बरोबर शिकवताय."

मग माझ्या हातातून दाखले घेतले, ओढणीला पुसले आणि निघून गेली. तिच्या मागे वर्गात कुणीतरी कुणाला तरी हळूच विचारलं, "आता म्हणजे?" सर ऐकून न ऐकल्यासारखं करत फळ्याकडे वळले. फळ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, कानाशी धरलं आणि म्हणाले, "चला, टी ब्रेक." सगळ्यांच्या आधी तेच बाहेर पडले, माझ्याकडे न बघता. सव्वादहा वाजले होते. चहा अकराला असायचा.